कुळथाला औषध घातलं त्या दिवशी

दार हातभर उघडलं तेवढ्यात मागून एक गडी पेटता कंदील घेऊन धावत आला. आत काळोख होता, माझी सासू आत कुठेतरी पडली होती, आणि तिला शोधायला उजेड लागेल म्हणून त्याने तो आणला होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. पण दारातून कुजलेल्या मुळ्यासारखा वास बाहेर येत होता, आणि या वासाला आग लागते हे आम्हां सगळ्यांना समोर बसवून दाखवलेलं होतं.

मी हात पसरून त्याच्या आडवी उभी राहिले. माझ्या मागून मुकादम बोलला, अगदी हळू, झोपलेल्या मुलाजवळ बोलावं तसा.

"हाईस तिथं उभा ऱ्हा. खाली ठेवू नको. तसाच मागं मागं जा, पार खाडीपर्यंत."

गडी मागे मागे गेला. तो माडांच्या पलीकडे दिसेनासा होईपर्यंत आमच्यापैकी कोणी हललं नाही. मग मुकादमाने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. आता काळोखातच आत जायचं होतं, आणि आतला वास छातीत घेतला तर जो जाईल तोही तिथेच पडणार होता.

मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असेन. मिठाची चळवळ होऊन दोनेक वर्षं झाली होती. नेमकं साल मी सांगत नाही, कारण चुकीचं सांगेन. पावस गावाच्या अलीकडे, खाडीच्या काठावर, एका मुसलमान शेटची वखार होती. जांभ्याच्या भिंती आणि वर कौलं. आजूबाजूच्या गावांतला कुळीथ, पावटे, कडवे वाल तिथे गोळा व्हायचे. लांबचा माल देवरुखाकडून बैलगाड्यांनी यायचा, आमच्यासारख्या जवळच्यांचा डोक्यावरून. तिथून पोती पडावात घालून बोटीवर चढवायची, बोट मुंबईला न्यायची आणि मुंबईहून मोठं जहाज आफ्रिकेला. आफ्रिकेत आमचा कुळीथ कोण खातं हे मला कळत नव्हतं. तिकडे आपलीच माणसं दुकानं घालून बसलीत, असं शेट म्हणायचे.

आम्ही बायका वखारीत निवडायला जायचो. माझा नवरा मुंबईला गिरणीत होता. घरात सासू आणि मी. सासूवर माझा फार जीव होता असं मी म्हणणार नाही. ती तापट होती आणि मी तिला भीत होते. ती एका कानाने कमी ऐकायची आणि ते कबूल करायची नाही, म्हणून हाक मारली आणि तिला ऐकू आलं नाही तर तो दोष हाक मारणाऱ्याचा.

आदल्या वर्षी शेटचा माल आफ्रिकेच्या बंदरात उघडला तेव्हा आत जिवंत भुंगे निघाले. तिकडच्या सरकारने तो उतरू दिला नाही, सगळा समुद्रात टाकायला लावला. आमच्या बाजूचा किडा आपल्या शेतात शिरेल याची त्यांना धास्ती होती. त्यानंतर असं ठरलं की इथून निघतानाच सरकारी माणसाने माल तपासायचा आणि दाखला द्यायचा. दाखला नसेल तर जहाज पोती घेणार नाही. शेटने तो कागद आम्हां बायकांना वाचून दाखवला, कारण निवडणाऱ्या आम्हीच होतो आणि किडा राहिला तर आमच्याच हातून राहणार होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक दाणा भीत भीत पाहायला लागले.

मग शेतकी खात्याचा साहेब आला. साहेब म्हणजे गोरा नव्हे, पुण्याकडचा तरुण माणूस, अंगाने बारीक. त्याच्याकडे एक पोकळ लोखंडी सळई होती. ती पोत्यात खुपसायची, बाहेर काढली की आतल्या तळातले दाणे तिच्यातून यायचे. ते पांढऱ्या कागदावर पसरून तो भिंगातून बघत बसायचा. बायका त्याला भिंगवाला म्हणायच्या. त्याने मला एकदा भिंगातून बघायला दिलं. कुळथाच्या दाण्यावर पांढरे ठिपके चिकटलेले होते, खसखशीहून बारीक. मी म्हटलं, चुना उडालाय. तो म्हणाला, ही भुंग्याची अंडी आहेत, यातून अळी निघते आणि थेट दाण्याच्या पोटात शिरते, बाहेरून काही दिसत नाही. मी इतकी वर्षं ते ठिपके नखाने खरवडून दाणे चुलीवर चढवत होते.

त्याने आम्हांला बसवून सांगितलं. मालात माती चालणार नाही, राख चालणार नाही, काडीकचरा चालणार नाही, दुसऱ्या कशाचं बी चालणार नाही, किडा तर मेलेलाही चालणार नाही.

"मग कुळीथ तरी चालंल ना, इचारा गो," सासू मोठ्याने म्हणाली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. साहेबही हसला, पण कानापर्यंत लाल झाला.

राखेचं आम्हांला खरंच पटलं नाही. आमच्याकडे कुळीथ नि पावटे राखेत घालून ठेवत. चुलीतली राख चाळून घ्यायची, दाण्याला चोळायची आणि वर बोटभर थर द्यायचा. त्याला भुंगा शिवत नसे. साहेबाने सगळा माल चाळायला लावला, पाखडायला लावला, फडक्याने पुसायला लावला. दाणा आरशासारखा झाला आणि पंधरा दिवसांत भुंगे चढले. पोत्यावर हात ठेवला तर आत बारीक हालचाल लागायची. सासूने त्याला तोंडावर सांगितलं की आमचा कुळीथ राखेत होता तोवर बरा होता, तुम्ही त्याला नागडा केलात. तो म्हणाला, आजी, तुमचं बरोबर आहे, पण राखेसकट तो जहाजावर चढत नाही.

तेव्हा औषध आलं. लोखंडी डब्यांत, लाकडाच्या भुश्यात बसवून. घालण्याआधी साहेबाने आम्हां सगळ्यांना अंगणात बसवलं, बायकांना आणि गड्यांनाही. एका बशीत चमचाभर औषध ओतलं. पाण्यासारखं दिसत होतं. मग त्याने चुलीत तापवलेलं उलथनं आणवलं. ते लाल झालेलं नव्हतं, नुसतं तापलेलं होतं. बशीपासून वीतभर लांब धरलं आणि बशी भडकली. निळी ज्योत. गंधकाचा धूर निघाला आणि आम्ही खोकत उठलो. बसा, तो म्हणाला, अजून सांगायचंय. याचा वास दिसत नाही, पण तो हवेहून जड आहे. पाण्यासारखा खाली बसतो, जमिनीवरून वाहतो, फटीतून बाहेर येतो. विडी, कंदील, काडी, काही नको. लोखंडावर लोखंड घासलं आणि ठिणगी पडली तरी पुरे. आणि छातीत गेला तर आधी डोकं गरगरतं, दारू प्यायल्यासारखं होतं, मग माणूस खाली बसतो. खाली बसला की संपलं, कारण तो खालीच असतो.

त्या दिवशी घरी जाऊन मला जेवण गेलं नाही. चमचाभर औषधाने ती ज्योत, आणि वखारीत पाच डबे होते.

वखारीच्या मागच्या अंगाला एक आतली खोली होती. तिला खिडकी नव्हती, कौलांखाली फळ्यांची तक्तपोशी होती आणि एकच दार. तपासलेली पोती तिथे रचली. साहेबाने प्रत्येक पोत्याला खूण केली आणि बजावलं की आता यांना कोणी हात लावायचा नाही, यातून दाणा काढायचा नाही आणि यात दाणा घालायचा नाही. हात लागला तर ते पोतं तपासलेलं राहत नाही.

इथे आमचं अडलं. आमच्यात घरातलं धान्य बाहेर निघालं की त्यातली एक मूठ परत घ्यायची. पोतं शिवण्याआधी घरच्या बाईने मूठ भरायची, कपाळाला लावायची आणि आपल्या कणगीत टाकायची. म्हणजे घरचं सगळं गेलं असं होत नाही. कोणीही विसरत नसे. त्या वर्षी मात्र धान्य आधी वखारीत नेलं, तिथे चाळलं, तिथेच पोतं भरून शिवलं, आणि मूठ राहून गेली. सासूच्या ध्यानात आलं तेव्हा पोत्याला खूण झालेली होती. तिने मुकादमाला सांगितलं. हा मुकादम पूर्वी जहाजावर खलाशी होता, शेटच्याच जमातीचा, साठीला टेकलेला. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. तो म्हणाला, म्हातारे, साहेब गेल्यावर दुसऱ्या पोत्यातली शेरभर देतो. सासू म्हणाली, दुसऱ्याची मूठ घेऊन मी काय करू.

एरवी ती आदळआपट करून गप्प बसली असती. पण मुंबईहून दोन महिने नवऱ्याचं पत्र नव्हतं. गिरणीत गडबड चालली आहे असं कोणी तरी बोटीवरून उतरलेला सांगून गेला होता. घरचं धान्य मूठ न घेता निघालं होतं, तेही समुद्रापलीकडे, आणि घरचा मुलगा समुद्राच्या त्या टोकाला. तिने ही दोन्ही एकत्र बांधली. ती बोलून दाखवत नव्हती, पण रोज देवाजवळ बसून तेच पुटपुटत होती, आणि ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

औषध घालायचं ठरलं ते ऊन उतरल्यावर. तिसऱ्या दिवशी बोट यायची होती, आणि पावसाळा लागला की बोटी बंद. चाचाने आम्हां बायकांना बाहेर काढून ओळीने उभं केलं आणि मोजलं. सासू माझ्या शेजारी होती. मग गडी औषध ओतायचे उथळ थाळे आत नेऊन पोत्यांवर ठेवायला लागले. ते डबे आणायला बाहेर आले तेवढ्या वेळात ती कधी गेली ते मी पाहिलं नाही. साहेबाने दारातून आत हाक मारली. आत कोणी आहे का, असं दोनदा विचारलं. मी माझ्या कानांनी ऐकलं. मग गड्यांनी तोंडाला फडकी बांधून औषध ओतलं, पळत बाहेर आले, दार ओढलं, कडी घातली. फटींवर कागद चिकटवले आणि वरून शेणमातीने लिंपलं. मधोमध साहेबाने सहीचा कागद डकवला. तो फाटला तर दाखला मिळणार नाही, असं सांगून तो शेटच्या घराकडे गेला. शेट नमाजाला गेले होते.

सासू दिसेना तेव्हा मला वाटलं रागावून पुढे घरी गेली. ती अशी जायची. मी विहिरीवर पाय धूत होते. आमच्याबरोबर निवडायला येणारी एक बाई घागर भरता भरता म्हणाली, "तुझ्या सासूनं माझं दाभण नेलंय गो. सांजच्याला दे म्हणावं."

"दाभण कशाला?"

"पोतं उसवायला नाय तर कशाला. माज्याकडं मागितलं, मी दिलं. घरचं पोतं असंल म्हटलं."

माझे पाय विहिरीच्या कडेला होते ते मला नीट आठवतं. आपण आत पडतोय असं वाटलं. मग मी धावले.

चाचा दाराशी बसून पान लावत होता. मी म्हटलं, दार उघडा, माझी सासू आत आहे. तो म्हणाला, मी मोजलंय. मी म्हटलं, मोजल्यावर गेली. त्याने पान खाली ठेवलं आणि दाराला कान लावला. मीही लावला. आतून हाक आली असती, दार वाजलं असतं, कण्हणं ऐकू आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. काहीच ऐकू आलं नाही.

"घरी गेली असंल," तो म्हणाला. पण त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "ह्यो सरकारचा कागद हाय, बाय. उघडलं आणि आत कोण नसलं तर शेटचा माल बुडाला, आणि मला बेड्या."

सरकारच्या कागदाची मलाही भीती होती. चळवळीत आमच्या गावचे दोघे तुरुंगात जाऊन आले होते, त्यांची पाठ मी पाहिली होती. पण ती आत मेली तर मुंबईहून येणाऱ्या माणसाला मी काय सांगणार होते? तुझी आई आत होती आणि मी विहिरीवर पाय धूत होते.

"मी फाडते," मी म्हटलं. "माझं नाव सांगा."

मी कागद फाडला. लिंपलेलं ओलंच होतं. मी शेजारी पडलेलं खुरपं उचललं तर चाचाने माझं मनगट धरलं. लोखंड नको. मग आम्ही दोघांनी नखांनी ओरबाडलं. कडी लोखंडाची होती. तिच्यावर त्याने घागरभर पाणी ओतलं, पदराचा बोळा मध्ये घालायला लावला, आणि ती इतकी हळू काढली की मला वाटलं आता मीच किंचाळणार. दार हातभर उघडलं, आणि तेव्हाच तो गडी कंदील घेऊन आला.

कंदील गेल्यावर चाचाने दार सताड लोटलं आणि मला वाऱ्याच्या बाजूला ओढलं. त्याने जहाजाच्या तळातल्या फाळक्यात उतरलेली माणसं अशीच पडताना पाहिली होती. एक उतरतो, पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. ते त्याने मला तेव्हाच सांगितलं, आणि सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पोती बांधायची दोरी त्याने माझ्या कमरेला बांधली. तो आत जाणार होता, पण पोत्यांच्या त्या दोन रचांमधल्या वाटेत तो कसाबसाच मावला असता, आणि आमचं पोतं कुठे आहे हे मलाच माहीत होतं. सासूने ते जुन्या लुगड्याच्या निळ्या काठाने शिवलं होतं आणि ते मागच्या भिंतीशी, अगदी खाली होतं.

"दम धरायचा," तो म्हणाला. "पाण्यात बुडी मारतेस तसा. आत श्वास घ्यायचा नाय. दोरी हलवलीस की ओढीन. नाय हलवलीस तरी ओढीन."

मी श्वास भरला आणि गेले.

दहा पावलांची खोली. तिच्यात मी रोज वावरलेली. पण काळोखात आणि श्वास धरून ती ओळखीची राहिली नाही. दोन्ही हातांनी पोती चाचपत गेले. डोळ्यांची आग होत होती. हाक मारता येत नव्हती, कारण हाक मारायला श्वास सोडावा लागतो. दुसऱ्या रचेपाशी माझ्या कानांत ठोके वाजायला लागले आणि मी मागे फिरले. बाहेर येऊन गुडघ्यांवर पडले. खाली बसू नको, असं ओरडून चाचाने मला काखेत धरून उभं केलं.

दुसऱ्यांदा जायचं तेव्हा मला जायचं नव्हतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पहिल्यांदा गेले ती न कळता गेले. दुसऱ्यांदा मला आत काय आहे ते माहीत होतं, आणि माझे पाय उचलेनात. चाचाने दुसऱ्या दोरीचं टोक माझ्या हातात दिलं आणि पाठीवर थाप मारली. बैलाला मारतात तशी. पाय उचलले.

या वेळी मी थेट भिंतीपर्यंत गेले आणि वाकून हात फिरवला. पाऊल लागलं. तिचं पाऊल, टाचेच्या भेगांवरून ओळखलं. गरम होतं. मी दोरी घोट्याभोवती दोनदा फिरवली आणि गाठ मारायला गेले तर बोटं ऐकेनात. तिथे माझा श्वास सुटला आणि मी आतला घेतला. आधी गोडसर लागला, मग घाण. पुढचं सांगायला लाज वाटते. मला हसू आलं. भीती एकदम निघून गेली. वाटलं, बसावं थोडं, काय घाई आहे. साहेबाने सांगितलेलं सगळं मला आठवत होतं, खाली बसला की संपलं, तेही आठवत होतं, आणि त्याचं काही वाटत नव्हतं. आयुष्यात मला पुष्कळ वेळा भीती वाटली आहे, पण ती नाहीशी झाली तेवढ्या वेळाची मला आजही जास्त भीती वाटते.

गाठ बसली होती की नाही मला ठाऊक नाही. कमरेला हिसका बसला आणि मी पोत्यांवर आपटत ओढली गेले.

बाहेर मी ओकले. दुसरी दोरी तोवर धावत आलेले गडी ओढत होते आणि ती मध्येच अडली. सासूचं लुगडं पोत्यात रुतलेल्या दाभणाला अडकलं होतं, ते नंतर कळलं. तेव्हा चाचा कोणाला काही न बोलता आत गेला. दोरीशिवाय गेला. मी मनात आकडे म्हणत होते. शाळेत म्हणायचो तसे. चाळीसपर्यंत गेले आणि पुढे मला आकडे आठवेनात. मग दोरी सैल झाली, गड्यांनी जोरात ओढलं आणि सासू पायांवरून बाहेर आली. तिच्या मागून चाचा आला, भिंत धरून, दारू प्यायल्यासारखा झोके खात. आयुष्यभर ज्याने दारूला हात लावला नव्हता.

तिला खाडीच्या वाऱ्यावर उंडीच्या झाडाखाली ठेवलं. ओठ निळे, डोळे अर्धे उघडे. मी तिच्या छातीवर कान ठेवला आणि मला माझेच ठोके ऐकू येत होते. बराच वेळ कळेना. मग तिने एक श्वास घेतला, घोरल्यासारखा. मग थांबली. मग दुसरा. त्या दोन श्वासांच्या मध्ये जो वेळ गेला तो मी पुन्हा कधी मागणार नाही.

शेट नमाजाहून आले, त्यांनी रत्नागिरीला डॉक्टरांकडे घोडं पाठवलं. डॉक्टरांनी यायला उशीर केला आणि आल्यावर एवढंच म्हणाले की हिला उघड्यावरच ठेवा. तोवर ती शुद्धीवर येत होती आणि ते बेशुद्धीपेक्षा वाईट होतं. मला ओळखेना. मुलाला हाका मारत होती, हसत होती, आणि मध्येच म्हणाली, "दिवा लावा गो, तिन्हीसांज झाली." आसपासची सगळी माणसं त्या शब्दाने दचकली. तिची मूठ घट्ट आवळलेली होती. बायका म्हणाल्या, घेतली वाटतं मूठ म्हातारीने. मी बोटं एकेक करून सोडवली. आत कुळीथ नव्हता. निळ्या काठाचा तुकडा होता. ती शिवणही पुरती उसवू शकली नव्हती.

नंतर तिने मला सांगितलं की साहेबाची हाक तिला ऐकू आली होती. हे एक तिने चटकन कबूल केलं. गप्प का बसलात, विचारलं तर म्हणाली, ओ दिली असती तर मूठ न घेता बाहेर काढलं असतं. आणि औषध? "ते भुंग्यांचं होतं. मी काय भुंगा हाय?"

साहेबाला शेटच्या घरी त्याच संध्याकाळी कळलं. तो धावत आला, फाटलेला कागद पाहिला आणि पायरीवर बसला. मी हात जोडून उभी होते. मला वाटलं आता नाव विचारेल. त्याने विचारलं ते एवढंच, "जिवंत आहेत?" मी हो म्हटलं. त्याने भिंग ठेवायची पिशवी मांडीवर घेतली आणि बराच वेळ तिचा बंद सोडत बांधत राहिला.

"मी हाक मारली होती," तो म्हणाला.

"मारलीत. दोनदा मारलीत. ती बोलली नाही."

कागद कोणी फाडला हे त्याने विचारलं नाही, आणि चाचानेही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी खोलीला वारा लागू दिला, उरलेले डबे घालून पुन्हा लिंपलं. या वेळी साहेब स्वतः आत जाऊन प्रत्येक रचेमागे हात फिरवून आला, आणि दार बंद झाल्यावरही दोनदा परत येऊन त्याने कान लावला. बोट दोन दिवस उशिरा आली, म्हणून साधलं. शेट म्हणाले होते, म्हातारीला तिच्या पोत्यातली मूठ देऊ या. साहेब म्हणाला, ते पोतं अर्धं उसवलंय, ते जाणारच नाही, सगळंच परत न्या. सासूने ते घरी आणायला नकार दिला. औषधाचं धान्य तिला घरात नको होतं. ते वखारीतच राहिलं आणि पुढे त्याचं काय झालं मी विचारलं नाही.

ती आठ दिवस अंगणात बाजेवर होती. मी रात्री उठून तिच्या नाकाशी हात धरायची. गणपतीला नवरा आला, होता तसाच. पत्र का टाकलं नाही विचारलं तर म्हणाला, कंटाळा. सासूने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं आणि आत निघून गेली. खोलीतलं मी त्याला सांगितलं नाही. त्याला ते इतरांनी सांगितलं.

आत तिघं गेलो होतो. सासू त्यानंतर अकरा वर्षं जगली. हात थरथरायचे, सुईत दोरा ओवता येत नसे. चाचा पुष्कळ म्हातारा होऊन आपल्या घरी गेला. मी अजून आहे.